दहा केव्हीएची पंगत

हिंगणमाळच्या ऋषिराजचा धंदा काय, हे गावात कुणालाच नीट सांगता येत नसे, आणि त्याला स्वतःला विचारावे तर तो खाली मान घालून हसत असे. खरे म्हणजे तो न बांधलेल्या घरांत उजेड पाडत असे. दूरदेशी कुणी घर बांधायचे ठरवले, की त्याचा नकाशा पुण्याच्या एका कंपनीकडे येई. तिच्याकडून तो विट्याच्या अलीकडच्या या माळावर पोहोचे, आणि मग त्या घराच्या खिडकीतून सकाळचे ऊन किती तिरपे येईल, पायरीवरची सावली कुठवर सरकेल, याचे चालते चित्र ऋषिराज आपल्या संगणकावर घडवी. संगणकही साधासुधा नव्हता. गुडघ्याइतकी उंच अशी ती काळी पेटी एकटी साडेआठशे वॅट खाई. कामाला लागली की तिच्या पंख्यांचा आवाज दूर कुठेतरी उफणणी चालल्यासारखा येत राही. त्या आवाजाच्या सोबतीत ऋषिराजला एकटे वाटत नसे. माणसांत मात्र वाटे.

या खेपेचे काम पाण्याचे होते. नॉर्वे नावाच्या देशात कुणा गृहस्थाला आपल्या बागेत एक तळे करायचे होते, आणि त्या तळ्यात दगडावरून पाणी कसे उतरेल हे त्याला आधी पाहायचे होते. ऊन दाखवणे सोपे असते, कारण ते कुठूनही सुरू करता येते. पाण्याचे तसे नाही. पहिल्या थेंबापासून शेवटच्या लाटेपर्यंत त्याची आकडेमोड यंत्राला सलग अडतीस तास करावी लागे, आणि मध्ये खंड पडला तर सगळे पुन्हा पहिल्या थेंबापासून. पाणी मागचे विसरले की त्याला पुढचे सुचत नाही. दोनदा तसेच झाले होते. एकदा एकोणतिसाव्या तासाला लाईट गेली, एकदा चौतिसाव्या. कंपनीने तिसरी संधी दिली, ती शेवटची म्हणून. महिनाभराने येणाऱ्या सोमवारी दुपारी बारापर्यंत पाणी वाहिले पाहिजे. नाहीतर काम दुसऱ्याकडे.

आणि काम दुसऱ्याकडे गेले तर ऋषिराज कोइमतूरकडे. हे त्याच्या वडिलांनी, आकारामांनी, आधीच ठरवून टाकले होते. तिथे चुलत्याचे, विश्वजितकाकांचे, सोने गाळून शुद्ध करून द्यायचे गलाईचे दुकान होते आणि त्यांना गल्ल्यावर घरचे माणूस हवे होते. विट्याकडच्या निम्म्या घरांतली माणसे अशीच देशभर पांगलेली. त्यात वाईट काहीच नव्हते. पण गल्ल्यावर बसायचे म्हणजे दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचे, तेही परक्या भाषेत. ऋषिराजला ते आपल्याही भाषेत जमत नव्हते. राहायचे की जायचे, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर तूर्त विजेच्या तारेवर बसलेले होते.

म्हणून यूपीएस घ्यायचे ठरले.

कराडच्या एका दुकानाचा नंबर त्याला कॉलेजमधल्या मित्राने दिला. फोन करण्यापूर्वी ऋषिराजने बोलायचे वाक्य तीनदा मनात म्हणून घेतले, आणि पलीकडून मुलीचा आवाज आल्यावर ते तिन्ही वेळचे वाक्य तो एकदमच विसरला. तिचे नाव समीक्षा. दुकानातली इंजिनीअर तीच होती. तिने त्याच्या गप्प बसण्याला ग्राहकाचा विचारीपणा समजून शांतपणे सगळे समजावून दिले. एक प्रकार स्वस्तातला. तो लाईट असेपर्यंत निजलेला असतो, लाईट गेली की दचकून उठतो आणि भार घेतो. त्या दचकण्यात सेकंदाचा अगदी बारीक तुकडा सांडतो. दुसरा त्याहून बरा, विजेचा चढउतार सांभाळून घेणारा. पण तोही दचकतोच. तिसरा ऑनलाईन. त्याच्यात वीज सतत बॅटरीच्या वाटेनेच यंत्राकडे जाते, म्हणून बाहेर लाईट गेली काय नि आली काय, यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही.

आकारामांनी सतरा वर्षे फौजेत काढली होती, हवालदार होऊन ते परतले होते, आणि फोन स्पीकरवर होता. त्यांना हे लगेच उमगले. निजणारा संत्री नको, जागा राहणारा पाहिजे, असा त्यांनी निकाल दिला. ऋषिराज मात्र सेकंदाच्या त्या सांडलेल्या तुकड्याचा विचार करत बसला. एका उजेडाने सोडलेले आणि दुसऱ्या उजेडाने अजून न धरलेले असे काही जगात असते, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो तिथेच राहत होता.

समीक्षाने शेवटी एवढेच मागितले, की या यूपीएसवर काय काय चालणार त्याची यादी पाठवा, म्हणजे माप काढता येईल. ऋषिराजने एका कागदावर तीन ओळी लिहिल्या: संगणक, दोन पडदे, इंटरनेटची डबी. तिच्या हिशेबाने दोन केव्हीएचे, म्हणजे दोनेक हजार वॅटच्या मापाचे, यूपीएस पुरेसे होते. टेबलाखाली मावेल असे. तेवढ्यावर ही गोष्ट संपायची. पण आकारामांनी कागद उचलला आणि आप्पासोंना दाखवून येतो म्हणाले.

हिंगणमाळात कुठलीही यादी, मग ती लग्नाची असो, जागरणाची असो वा ट्रॉलीत बसून देवाला जायच्या माणसांची असो, आप्पासोंच्या नजरेखालून गेल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. आप्पासो भावकीतले थोरले. अकरा घरांच्या भावकीत कुणी कुणाच्या आधी जेवायचे, कुणाचा फेटा कुणाच्या नंतर बांधायचा, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. त्यांनी भैरोबाच्या पारावर बसून त्या तीन ओळी दोनदा वाचल्या. बॅटरी म्हणजे काय, हे त्यांना उत्तम कळत होते. त्यांच्या नातवाची बॅटरीवरची दुचाकी दारात उभी होती. अडचण बॅटरीची नव्हती.

“सारी भावकी अंधारात, आन् तुज्या एकट्याच्या घरात उजेड,” ते म्हणाले. “दिसायला बरं दिसंल का ते, आकाराम?”

आकारामांनी क्षणभर तसे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहिले. दिसायला ते खरोखरच बरे दिसत नव्हते.

तेव्हा घरटी एक दिवा, असे ठरले. अकरा घरे, अकरा दिवे, नऊ-नऊ वॅटचे. ऋषिराजने समीक्षाला कळवले. तिने आनंदाने बेरीज केली. दिवे तसे हलके असतात, माप फारसे वाढले नाही. पण दोन दिवसांनी भावकीतले कोंडीबातात्या आले. त्यांच्या घरातला दिवा सात वॅटचा होता, आणि आप्पासोंच्या ओसरीवरचा नऊचा. दोन वॅटने आम्हाला खाली का बसवले, असा त्यांचा सवाल होता. त्यांना सांगितले, की तात्या, तुमचा दिवा तुम्हीच आणलाय, तो बदला. ते म्हणाले, बदलीन, पण भावकीने बदला म्हणावे. मग त्यासाठी भावकी बसली. दीड तास चर्चा होऊन सर्वांचे नऊ, पण वडीलकीच्या मानाने आप्पासोंचे बारा, असे ठरले. ऋषिराजने सात काढून नऊ केले, एका नऊचे बारा केले आणि कराडला कळवले. समीक्षाने विचारले, की ही कुठली संस्था आहे का. तो म्हणाला, नाही, नातेवाईक आहेत.

पुढचा अडथळा मनुबाईचा. ही भावकीतलीच थोरली काकी, पण आकारामांच्या घराशी तिचे बोलणे बंद होते. आकारामांच्या लग्नात तिच्या नवऱ्याला चुकून दुसऱ्या पंगतीला बसवले गेले होते, आणि तेव्हापासून दोन्ही घरांमध्ये तीस पावलांचे अंतर असूनही शब्द म्हणून गेला नव्हता. तिच्या घरचा दिवा यादीत धरला होता खरा, पण तिला तो कुणी रीतसर सांगितलेला नव्हता. न सांगता मांडलेला दिवा मी घेणार नाही, असा निरोप आला. मग ऋषिराजची आई भामाबाई हळदीकुंकू घेऊन गेली, ओट्यावरच थांबून तिने दिव्याचे आमंत्रण दिले, आणि मनुबाईने दाराच्या आतूनच, भिंतीशी बोलावे तसे, सांगितले, की दिवा राहू दे, मिक्सर चालणार असेल तर बघू.

रुसलेल्याला थोडे अधिक वाढावे लागते. मिक्सर धरला. साडेसातशे वॅट. मनुबाईचा मिक्सर धरल्यावर इतर दहा घरांचे पंखे न धरणे हा उघड अन्याय झाला असता, पंखे धरले. पैशाचे कुणी नाव काढले नाही. मानाच्या गोष्टीत ते काढत नाहीत. ज्याने त्याने आपला वाटा पिशवीत आणून आकारामांच्या खाटेवर ठेवला आणि दुसरेच काहीतरी बोलून गेला.

आणि एवढे झाल्यावर गुरव विचारत आला, की देवाचे काय. भैरोबाच्या देवळात विजेवर चालणारे नगाऱ्याचे यंत्र होते; बटण दाबले की एका मोटरवर नगारा, झांज आणि घंटा एकदम वाजू लागत. अकरा घरे उजेडात बसणार आणि देव अंधारात मुका, हे कुणाच्याच मनाला येईना. देव यादीत आला, आणि आला तो अर्थातच पहिल्या नंबरावर.

“मोटर का?” समीक्षाने फोनवर विचारले. तिचा आवाज प्रथमच थोडा उतरला. मोटर सुरू होताना पाच-सहा पट ओढते, तेवढे माप मोकळे ठेवावे लागते, असे तिने समजावले. मग तिने बेरीज केली. दहा केव्हीए. सोळा बॅटऱ्या. कपाटाएवढा ऐवज. असले यूपीएस तिने आजवर दोनच ठिकाणी बसवले होते, त्यांतले एक इस्पितळ होते. मग तिने यादी पुन्हा वाचली.

“यात तुमचा कॉम्प्युटर दिसत नाही मला.”

“हाय. शेवटी हाय.”

“शेवटी का?”

ऋषिराजला हे कसे सांगावे कळेना. यादी आप्पासोंनी स्वतःच्या हाताने सुवाच्य लिहून दिली होती. पहिला श्री भैरवनाथ, मग वयाच्या मानाने एकेका घराचे दिवे-पंखे, आणि चोविसाव्या नंबरावर, कागदाच्या अगदी कडेला, संगणक. पंगत ज्याच्या दारात, तो सर्वांच्या मागून जेवतो. पाहुणे उठायच्या आधी यजमानाने पानावर बसलेले हिंगणमाळात कुणी पाहिले नव्हते, आणि संगणक तर काय, घरचाच होता.

“अहो, पण हे सगळं त्याच्यासाठीच चाललंय ना?” समीक्षा म्हणाली.

त्या दिवशी पहिल्यांदाच ऋषिराज तिच्याशी एक अख्खे वाक्य बोलला. हे सोमवारपर्यंत झाले नाही तर मला कोइमतूरला जावे लागेल, असे ते वाक्य होते. बोलून झाल्यावर त्याला धाप लागली. तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, की सगळ्यांचे धरून शेवटी नऊशे वॅट उरतात, अगदी काठोकाठ, तेवढ्यात बसवते.

शुक्रवारी ती टेम्पोबरोबर स्वतः आली. ऋषिराजने कल्पना केली होती त्यापेक्षा ती ठेंगणी होती आणि तिच्या मनगटाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. सहा माणसांनी ते कपाट उतरवले. विट्याचा वायरमन साईराज दोन दिवसांपासून घराघरांवर तारा ओढत होताच. भामाबाईने बॅटऱ्यांना हळदीकुंकू लावले, आप्पासोंनी नारळ फोडला, आणि समीक्षाने सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, की लाईट गेल्यावर सगळे एकदम चालू राहिले तर हे वीस मिनिटे पुरेल, आणि फक्त संगणक चालला तर पाच तास. म्हणून लाईट गेली की दोन-चार मिनिटांत आपापली बटणे बंद करायची. सर्वांनी माना डोलावल्या. हिंगणमाळात मान डोलावणे म्हणजे आवाज पोहोचला, एवढेच. चहा घेऊन ती निघाली. ऋषिराजला तिला काहीतरी म्हणायचे होते. टेम्पो माळाच्या उतारावर दिसेनासा झाला तेव्हा ते त्याला आठवले, आणि ते फक्त ‘सावकाश जा’ एवढेच होते.

शनिवारी संध्याकाळी सहाला त्याने यंत्राला पहिला थेंब दिला. रात्र गेली, रविवारची सकाळ गेली, दुपार गेली. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा मुंगीच्या चालीने पुढे सरकत होता, आणि नॉर्वेतल्या त्या तळ्यात पाणी हळूहळू दगडाची ओळख करून घेत होते. संध्याकाळी सातला, दिवेलागणीच्या वेळी, पंचविसावा तास संपता संपता, लाईट गेली.

यंत्राला पत्ता लागला नाही. पंख्यांचा आवाज तसाच चालू राहिला. ऋषिराजच्या डोळ्यांत पाणी आले. तो दारात आला. माळावरची सगळी गावे काळोखात बुडाली होती आणि मध्ये एकटे हिंगणमाळ अकरा दिव्यांनी, ओवाळायच्या तबकासारखे, उजळलेले होते. देवळात नगारा वाजू लागला. मनुबाईच्या घरातून मिक्सरची घरघर आली; तिला काय वाटायचे होते देव जाणे, पण लाईट गेल्यावरच वाटायचे होते. माणसे ओट्यांवर येऊन बसली होती आणि आपल्या दिव्याकडे, आणि शेजाऱ्याच्या दिव्याकडे, समाधानाने पाहत होती.

पाच मिनिटे गेली. कपाटावरचा उरलेल्या मिनिटांचा आकडा वीसवरून पंधरावर आला. एकही दिवा विझला नाही.

ऋषिराजने वडिलांकडे पाहिले. आकाराम उठले आणि कोंडीबातात्यांच्या ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. बटण बंद करा, असे ते म्हणू शकत नव्हते. पानावरून उठा, असे कोणता यजमान म्हणेल? “कसं काय, बरं हाय न्हवं सगळं?” एवढेच त्यांनी विचारले. तात्यांनी सगळे झकास आहे म्हणून सांगितले. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, की त्यांना कळते सारे, पोराचे काम आहे, पण पंगतीतून आधी कोण उठणार. सगळ्यांचे होईपर्यंत बसायचे, ही रीत. आप्पासो उठू देत, मागोमाग आम्ही आहोतच.

आकाराम आप्पासोंकडे गेले. आप्पासोंनाही कळत होते. त्यांच्या बारा वॅटच्या उजेडात त्यांचा चेहरा खरोखर कष्टी दिसत होता.

“मी उठंन रं,” ते म्हणाले. “पर पयल्या पानावर देव बसलाय. त्येच्या आदी मी कसा उठू?”

आकडा अकरावर आला होता. आकाराम देवळाकडे निघाले, आप्पासो त्यांच्या मागे, कोंडीबातात्या त्यांच्या मागे, आणि बघता बघता भावकीतले सगळे पुरुष. नगारा बंद करायचा म्हणजे देवाला उठवायचे, आणि ते आपल्या जबाबदारीवर करायला गुरव तयार नव्हता. शेवटी कौल लावायचे ठरले. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देव उठायला राजी; डावी पडली तर नाही. सगळे हात जोडून उभे राहिले. त्यांच्या डोक्यावर मोटरवरचा नगारा, झांज आणि घंटा अशा जोराने वाजत होती, की गुरवाने गाऱ्हाणे काय घातले ते त्याचे त्यालाच ऐकू गेले नसेल. पाकळ्या ओल्या होत्या. दोन्ही जागच्या हलल्या नाहीत.

घरात ऋषिराज कपाटासमोर उभा होता. सहा. त्याने कराडला फोन लावला. समीक्षाने सगळे ऐकून घेतले. नगारा तिलाही ऐकू येत होता. ती म्हणाली, की बोर्डावर मधला मोठा खटका आहे, तो खाली पाडला की बाहेरचे सगळे बंद होईल आणि फक्त संगणक राहील.

“मला न्हाई जमायचं,” ऋषिराज म्हणाला. “माणसं जेवत्याती.”

“मग कोइमतूरला गेल्यावर नंबर कळवा,” समीक्षा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने फोनही ठेवला नाही. नुसती थांबून राहिली.

कपाटावर चार आले. कुणाच्या शब्दाच्या आड कधी न आलेला तो मुलगा त्या खटक्याकडे पाहत राहिला. पाण्याला मागचे आठवत होते; पंचवीस तासांचे. त्याने डोळे मिटले आणि खटका खाली पाडला.

नगारा अर्ध्या ठोक्यावर थांबला. मिक्सर थांबला. अकरा दिवे एका दमात गेले, आणि माळावरचा काळोख, जो इतका वेळ वेशीबाहेर ताटकळत होता, मुकाट्याने आत आला. काही क्षण कुठेच काही आवाज झाला नाही. मग चपलांचा झाला.

सगळी भावकी त्याच्या दारात येऊन उभी राहिली. बायकाही आल्या, मनुबाई, जिने त्या घराचा उंबरा इतकी वर्षे पाहिला नव्हता, ती सर्वांत पुढे. खोलीत पडद्याचा निळसर उजेड होता आणि त्या उजेडात पाणी एकेका थेंबाने घडत होते.

“भरल्या ताटावरनं उठीवलंस रं आमाला,” आप्पासो म्हणाले. पण बोलताना त्यांचे डोळे पडद्यावरून हलेनात.

मनुबाईने विचारले, हे तळे कुणाचे. ऋषिराजने सांगितले, नॉर्वेतल्या एका माणसाचे. पाणी खरे आहे का, तिने विचारले. नाही, तो म्हणाला. तळे तरी आहे का? तेही अजून नाही. मनुबाई थोडा वेळ पाहत राहिली. “मग लय निवळ हाय,” ती म्हणाली आणि पदर सावरून निघून गेली. भामाबाईने चहा ठेवला होता. कुणी घेतला नाही. चहा न घेता भावकी उठते तेव्हा ती नुसती घरी जात नाही, हे आकारामांना माहीत होते. ते खाटेवर बसून राहिले.

आठच्या सुमाराला, बॅटऱ्या रित्या होता होता, लाईट आली. सोमवारी सकाळी आठला शेवटची लाट तळ्याच्या काठाला लागली, आणि ऋषिराजने चित्र पुण्याला धाडले. साडेअकराला उत्तर आले. काम सुंदर झाले होते. मात्र घरमालकाने मधल्या काळात तळे कोरडेच ठेवायचे ठरवले होते, कारण त्याच्या मुलीला बाळ झाले होते आणि पाण्याची भीती वाटत होती. पुढे काही निघाले तर कळवू.

आकारामांनी उत्तर वाचून घेतले, घडी नसलेल्या फोनची मनातल्या मनात घडी केली, आणि गुरुवारचे तिकीट काढले. भामाबाईने लाडू वळले. ऋषिराजने काळ्या पेटीवर जुने धोतर पांघरले आणि बॅग भरली. त्याच्या बॅगेत फारसे काही नव्हते, बोलायची वाक्ये तर मुळीच नव्हती.

बुधवारी आप्पासो आले. आत आले नाहीत. अंगणात उभे राहून, ऋषिराजकडे न पाहता, आकारामांशी बोलले. त्यांचे म्हणणे असे, की पोराने भावकीचा अपमान केला आहे आणि त्याचा निवाडा व्हायचा आहे. निवाड्याआधी तो गाव सोडून गेला तर तालुक्यात लोक म्हणतील, की अकरा घरांनी मिळून एका पोराला हाकलले. तेवढा कमीपणा भावकी घेणार नाही. निवाडा कधी, असे आकारामांनी विचारले. सगळे एकत्र बसतील तेव्हा, आप्पासो म्हणाले. पण त्या संध्याकाळी कौलाच्या पाकळ्यांवरून कोंडीबा आणि गुरव यांचे वाजले आहे, आणि मनुबाई म्हणते मी अर्ध्या वाटलेल्या वाटणाचे उत्तर घेतल्याशिवाय यायची नाही. तेव्हा सांगता येत नाही.

आकाराम शिस्तीचे माणूस. चौकशी चालू असताना जवानाला रजा मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी तिकीट रद्द केले.

अशा रीतीने ऋषिराज राहिला. भावकीने त्याच्याशी अबोला धरला. तो रस्त्याने निघाला की ओट्यांवरची माणसे तोंड फिरवत. कुठे चाललास, लग्न कधी, पगार किती, असे कुणी विचारीनासे झाले. इतकी वर्षे ज्या शांततेसाठी तो दार लावून बसत होता, ती आता गावभर पसरली होती, आणि तो तिच्यातून संध्याकाळी ओढ्यापर्यंत फिरून येऊ लागला. कधी कधी त्याला त्या शांततेचे वाईटही वाटे. पण ते वाटणे त्याच्या ओळखीचे होते. पुण्याहून लहानसहान कामे येऊ लागली. एक गच्ची. एक जिना. आणि आश्चर्य असे, की यूपीएस आता अगदी सुरळीत चालत असे. लाईट गेली की अकरा दिवे लागत, आणि चार मिनिटांच्या आत ज्याचा त्याचा दिवा जो तो स्वतः विझवी. भांडण झालेल्या घरच्या पंगतीतून केव्हाही उठता येते. त्यात रीत आडवी येत नाही. बॅटऱ्यांची चौकशी करायला समीक्षाचा महिन्याला एक फोन येई. यादी वाढली नाही ना, एवढे ती विचारी, आणि तो नाही म्हणे. अलीकडे नाही म्हणायला त्याला जरा जास्त वेळ लागू लागला होता, आणि ती तेवढा वेळ थांबू लागली होती.

दिवाळी झाल्यावर आप्पासो पुन्हा आले. या खेपेला आत आले, खाटेवर बसले. भावकी बसली होती. कोंडीबा-गुरवाचे मिटले होते, मनुबाईही राजी होती. झाले गेले विसरायचे, पोराला माफ करायचे, असे ठरले होते. आकारामांचा चेहरा उजळला. विश्वजितचा कालच फोन आला होता, ते म्हणाले. गल्ल्यावरची जागा अजून रिकामी आहे. भामाबाईने चहा आणला. समेटाला आता एवढेच उरले होते, की ऋषिराजने आप्पासोंच्या पाया पडायचे.

ऋषिराज उठला. या वेळी त्याने मान खाली घातली नाही.

“आप्पा,” तो म्हणाला, “माजा राग अजून गेल्याला न्हाई.”

आप्पासोंची बशी ओठांपाशी थांबली. राग भावकीचा होता; या पोराला राग असेल, हे कुणी विचारातच घेतले नव्हते.

“तुजा कशाचा रं?”

“तुमी मला शेवटी बसीवलं. यजमान म्हून.” त्याचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. “त्या पंगतीत मी यजमान न्हवतो, आप्पा. भुकेला मीच व्हतो.”

आकाराम काही बोलायला गेले. आप्पासोंनी हाताने त्यांना थांबवले. पन्नास वर्षे त्यांनी मानापानाची भांडणे निवडली होती. खोटा रुसवा कुठला आणि खरा कुठला, हे त्यांना न सांगता कळत असे. त्यांनी त्या सडपातळ, घामेजलेल्या मुलाकडे बराच वेळ पाहिले, आणि त्यांच्या नजरेत हळूहळू एक आदर आला, जो आजवर त्या घरातल्या कुणाच्या वाट्याला आला नव्हता.

“ह्ये मिटायला येळ लागंल, आकाराम,” ते म्हणाले. “लय जुनं हाय ह्ये.”

निवाडा लांबला, आणि त्याबरोबर कोइमतूरही. आप्पासोंनी भरलेली बशी तशीच खाली ठेवली, काठी घेतली आणि उठले. ऋषिराज त्यांना दारापर्यंत सोडायला गेला. उंबऱ्याशी आप्पासोंनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला, चपला पायात सरकवल्या, आणि अबोला मोडणार नाही अशा बेताने, एक शब्दही न बोलता, अंगण ओलांडून गेले.